चुली चोवीस, तवा एक: आफ्टर इफेक्ट्सचा रेंडर सगळे कोअर का वापरत नाही

गणपती जवळ आले की आफ्टर इफेक्ट्सवर (अडोबीचा हलती चित्रं करायचा प्रोग्राम) काम करणाऱ्यांचे मला एकाच मजकुराचे मेसेज यायला लागतात. तक्रार रेंडरची, म्हणजे केलेल्या कामाच्या एकेक फ्रेमा काढून तयार व्हिडिओ बनवण्याची. "दादा, बारा कोअरचं मशीन घेतलं, रॅमही वाढवली, पण रेंडरला जुन्या मशीनएवढाच वेळ लागतोय. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू आठ टक्क्यांच्या वर जात नाही. दुकानदाराने फसवलं का?"

दुकानदाराची वकिली करायची मला हौस नाही, पण बहुतेक वेळा तो निर्दोष असतो. उदाहरणाला रायझन ९ ५९००एक्स हा प्रोसेसर घ्या. १२ कोअर (आकडेमोड करणारे भाग), २४ थ्रेड (एका वेळी चालू शकणारी कामं). त्यातला एकच थ्रेड जीव तोडून राबत असेल आणि बाकीचे तेवीस हाताची घडी घालून बसले असतील, तर टास्क मॅनेजर चार टक्क्यांच्या आसपासच दाखवणार, कारण तो सगळ्यांची सरासरी सांगतो. दोन राबत असतील तर आठ. तेव्हा आठचा आकडा दिसला की समजायचं, सगळं काम एका-दोघांच्या गळ्यात पडलंय. चुली चोवीस पेटवल्यात, तवा मात्र एकच आहे. तो तवा कोणी अडवून ठेवलाय ते शोधायचं.

खाली जे लिहिलंय ते विंडोज मशीन समोर धरून. मॅकवर मेन्यूंच्या जागा थोड्या बदलतात, दुखणं तेच.

आधी व्हर्जन बघा

या विषयावरचा निम्मा गोंधळ जुन्या सल्ल्यांमुळे झालाय. यूट्यूबवरच्या कुठल्यातरी जुन्या व्हिडिओत सांगितलेलं असतं, प्रेफरन्सेसमध्ये जा आणि 'रेंडर मल्टिपल फ्रेम्स सायमल्टेनियसली' यावर टिक करा. माणूस तासभर शोधतो आणि ती टिक काही सापडत नाही. सापडणारच नाही, ती २०१५ साली काढून टाकली.

ही सोय २००७ च्या सीएस३ या व्हर्जनमध्ये आली होती. तिची पद्धत ओबडधोबड होती: प्रोग्राम स्वतःच्याच अनेक प्रती पाठीमागे उघडायचा आणि प्रत्येक प्रतीला वेगळी फ्रेम द्यायचा. प्रत्येक प्रतीला स्वतःची रॅम लागायची, त्यामुळे आठ कोअर आणि आठ जीबी रॅम असलेल्या मशीनवर ही टिक केली की वेग वाढायच्या ऐवजी मशीनच गुडघ्यावर यायचं. २०१५ मध्ये, १३.५ या व्हर्जनला, अडोबीने आतली रचना बदलली, पडदा सांभाळणारा थ्रेड आणि रेंडर करणारा थ्रेड वेगळे केले आणि ही जुनी सोय बंद केली. नवी यायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, व्हर्जन २२. तिचं नाव मल्टी-फ्रेम रेंडरिंग. यात प्रती उघडत नाहीत. एकाच प्रोग्रामच्या आत अनेक थ्रेड वेगवेगळ्या फ्रेमा एकाच वेळी करतात आणि रॅम सगळ्यांची सामाईक असते.

मधल्या सहा वर्षांतलं व्हर्जन तुमच्याकडे असेल (काही स्टुडिओ अजून एखाद्या लाडक्या प्लगिनपायी, म्हणजे बाहेरून आणून जोडलेल्या इफेक्टपायी, तिथेच अडकलेत) तर एका वेळी एकच फ्रेम रेंडर होते. काही इफेक्ट आतल्या आत जास्त कोअर वापरतात, बाकी सगळं एकामागून एक. अशा व्हर्जनवर सेटिंग्ज चाळत बसण्यात अर्थ नाही. तुमच्यासाठीचा उपाय बराच खाली, कमांड प्रॉम्प्टच्या भागात आहे.

व्हर्जन २२ किंवा पुढचं असेल तर प्रेफरन्सेसमध्ये 'मेमरी अँड परफॉर्मन्स' उघडा आणि 'एनेबल मल्टी-फ्रेम रेंडरिंग' वर टिक आहे ना ते बघा. तिथेच इतर प्रोग्रामसाठी किती टक्के सीपीयू राखून ठेवायचा तो आकडा असतो. मुळात तो दहा असतो. कोणीतरी कधीतरी 'रेंडर चालू असताना फोटोशॉपही चाललं पाहिजे' म्हणून तो पन्नासवर नेलेला असतो आणि विसरलेला असतो. हे हसण्यावारी नेऊ नका, मी स्वतः केलंय.

मोजल्याशिवाय काही बदलू नका

लोक एका दमात सहा सेटिंग्ज बदलतात, मशीन रीस्टार्ट करतात, पुन्हा रेंडर लावतात आणि "आता फास्ट झालं" म्हणतात. फास्ट झालेलं नसतं. आधीच्या रेंडरच्या फ्रेमा कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून असतात, त्या फक्त उचलून दिलेल्या असतात.

म्हणून आधी एडिट मेन्यूतल्या पर्जमधून मेमरी आणि डिस्क कॅश दोन्ही रिकामे करा. मग कॉम्पमधला (कॉम्पोझिशन, म्हणजे लेयर एकावर एक रचून केलेला सीन) सगळ्यात जड भाग निवडून ५० फ्रेमांचा वर्क एरिया (रेंडर करायचा तुकडा) लावा. सुरुवातीच्या ५० नकोत, तिथे सहसा लोगो फेड होत असतो. तेवढाच भाग रेंडर क्यूमधून काढा आणि वेळ कागदावर लिहा. मग एकच गोष्ट बदला, पुन्हा पर्ज, पुन्हा तोच भाग. कंटाळवाणं आहे, पण सहा तासांच्या रेंडरपुढे वीस मिनिटांचा कंटाळा परवडतो.

हे चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या आलेखावर उजवी क्लिक करून 'लॉजिकल प्रोसेसर' निवडा. सरासरीच्या एका रेघेऐवजी २४ छोटे चौकोन दिसतात. सगळे चौकोन थोडेथोडे हलत असतील तर एक आजार, एखादा छताला टेकलेला आणि बाकी तळाशी असतील तर दुसरा. सगळेच शांत आणि डिस्क किंवा मेमरी लाल, तर तिसरा. ग्राफिक्स कार्डही बघा. तिथे सुरुवातीला थ्रीडीचा आलेख दिसतो, तो फसवा आहे. वरचं नाव बदलून कॉम्प्युट किंवा कुडा निवडता आलं तर तो बघा. जड काम कार्डावर चाललेलं असेल तर सीपीयू वीस टक्क्यांवर असणं हा दोष नाही.

आता आफ्टर इफेक्ट्समध्ये टाइमलाइनच्या खालच्या पट्टीवर एक गोगलगाय असते. तिच्यावर क्लिक केलं की प्रत्येक लेयर, इफेक्ट आणि मास्कपुढे त्या फ्रेमला किती वेळ लागला ते दिसतं. व्हर्जन २२ मधली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. त्याआधी आम्ही एकेका लेयरचा डोळा बंद-चालू करत बसायचो. गोगलगायीने नाव घेतलेल्या पहिल्या दोन-तीन लेयरांकडेच लक्ष द्या. बाकीच्या चाळीस लेयरांना हात लावून काही हाती लागत नाही.

तवा अडवणारे

सगळ्यात नेहमीचा गुन्हेगार म्हणजे जुनं प्लगिन. एकाच प्रोग्रामच्या आत अनेक थ्रेड एकाच वेळी तोच इफेक्ट चालवतात, तेव्हा त्या इफेक्टने एकाची आकडेमोड दुसऱ्यात मिसळू देता कामा नये. प्लगिन लिहिणाऱ्याने तशी काळजी घेऊन 'मी थ्रेडांसाठी सुरक्षित आहे' असं कोडमध्ये जाहीर करावं लागतं. २०२१ च्या आधीच्या प्लगिनांनी ते केलेलं असण्याचं कारणच नाही. अशा प्लगिनशी आल्यावर फ्रेमांना रांग लावावी लागते. इफेक्ट कंट्रोल्स पॅनलमध्ये त्या इफेक्टच्या नावाशेजारी इशाऱ्याचं चिन्ह दिसतं. तो इफेक्ट एखाद्या कोपऱ्यातल्या लेयरवर असेल तर फार बिघडत नाही. सगळ्यात वरच्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर (त्याचा परिणाम खालच्या सगळ्या लेयरांवर होतो) असेल तर मात्र प्रत्येक फ्रेम त्याच्याच दारातून जाते.

उपाय क्रमाने: आधी त्या प्लगिनचं नवं व्हर्जन आलंय का बघा, बऱ्याच कंपन्यांनी नंतर बदल केलेत. मग तसाच परिणाम प्रोग्राममधल्या इफेक्टने येतो का बघा. ग्लो, ब्लर, रंगबदल यासाठी बाहेरचं प्लगिन दर वेळी लागतंच असं नाही. दोन्ही जमत नसेल तर रेंडरचे दोन टप्पे करा. त्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरच्या खालचं सगळं प्रीकॉम्प करून (एका वेगळ्या कॉम्पमध्ये गुंडाळून) प्रोरेस ४४४४ या व्हिडिओ प्रकारात किंवा टिफ सिक्वेन्समध्ये (दर फ्रेमची वेगळी चित्रफाइल) आधी काढून घ्या. तिथे आडवं यायला कोणी नसतं, सगळे कोअर धावतात. दुसऱ्या टप्प्यात त्या तयार फाइलवर फक्त ते प्लगिन लावा.

दुसरा गुन्हेगार एक्स्प्रेशन, म्हणजे लेयरची हालचाल ठरवणारा छोटा कोड, आणि याच्याकडे कोणी बघतच नाही, कारण गोगलगाय दाखवते तो लेयर निरुपद्रवी दिसतो. एक खरा नमुना सांगतो. एका मंडळाच्या एलईडी भिंतीसाठी ३६ सेकंदांचा लूप होता, आपल्याकडच्या २५ फ्रेमच्या हिशोबाने ९०० फ्रेमा. मधोमध मूर्ती, तिच्यामागे चाळीस पाकळ्यांचं प्रभामंडळ, ढोलाच्या ठोक्यावर फिरणारं. ऑडिओचे कीफ्रेम (त्या त्या क्षणाला नोंदवलेले आकडे) करून घेतले होते आणि प्रत्येक पाकळीवर एक्स्प्रेशन होतं: शून्यापासून आत्तापर्यंतच्या प्रत्येक फ्रेमचा आवाज मोज, बेरीज कर, तेवढी फिर. दिसायला सुरेख. आता हिशोब करा. दहाव्या फ्रेमला दहा वेळा वाचन, नऊशेव्या फ्रेमला नऊशे वेळा. एका पाकळीसाठी पूर्ण लूपमध्ये ४,०५,४५० वाचनं. चाळीस पाकळ्यांसाठी १,६२,१८,०००. त्यात मोशन ब्लर (हलत्या वस्तूचा धूसरपणा) चालू, म्हणजे एकाच फ्रेममध्ये ते फिरणं आणखी कितीतरी मधल्या क्षणांना मोजायचं.

या आजाराची खूण पक्की आहे: पहिल्या दोनशे फ्रेमा भराभर जातात आणि शेवटच्या रडतखडत. "रेंडर पुढे पुढे स्लो होत जातो, रॅम भरत असेल" असं लोक म्हणतात. कधी कधी असतंही तसं. पण वर्क एरिया फक्त शेवटच्या ५० फ्रेमांवर लावून रेंडर केलात आणि तरीही तेवढाच हळू गेला, तर रॅमचा संबंध नाही; शून्यापासून मोजणारं एक्स्प्रेशन कुठेतरी लपलेलं असतं.

इलाज पाच मिनिटांचा. ती बेरीज एकाच नल लेयरवर (पडद्यावर न दिसणारा लेयर) ठेवली. अ‍ॅनिमेशन मेन्यूत कीफ्रेम असिस्टंटमध्ये 'कन्व्हर्ट एक्स्प्रेशन टू कीफ्रेम्स' आहे, त्याने तिचे कीफ्रेम करून टाकले. चाळीस पाकळ्या त्या नलच्या एका आकड्याकडे बघून फिरतात. डोळ्यांना फरक शून्य. कोअर वाढवून हे कधीच साधलं नसतं, कारण तिथे सगळे कोअर मिळून फुकटची बेरीज करत बसले असते.

एक्स्प्रेशनचाच चुलतभाऊ: प्रोजेक्ट सेटिंग्जमधल्या एक्स्प्रेशन्स टॅबवर 'लेगसी एक्स्टेंडस्क्रिप्ट' आहे का बघा. विकत घेतलेल्या जुन्या टेम्प्लेटमध्ये हमखास असतं. ऑक्टोबर २०१८ पासून जावास्क्रिप्टचं नवं इंजिन आहे आणि ते जास्त वेगवान आहे. बदलल्यावर काही जुनी एक्स्प्रेशनं लाल होतील, विशेषतः जिथे इफ-एल्सला महिरपी कंस दिलेले नाहीत. तेवढे कंस घातले की बहुतेक प्रश्न मिटतो.

तिसरा प्रकार आपल्याकडचा खास: फ्लेक्स. मंडळ मूर्तीचा फोटो म्हणून फ्लेक्सवाल्याकडची फाइल देतं. १२,००० बाय ८,००० पिक्सेल. जेपेग असते, पाच-सहा एमबीची, म्हणून कोणाला शंका येत नाही. पण जेपेग डिस्कवर लहान असते. मेमरीत उघडली की प्रत्येक पिक्सेलला चार चॅनेल (तीन रंग आणि पारदर्शकता), रंग आठ बिटांत ठेवले तर चार बाइट. ३८४ एमबी झाले. प्रोजेक्ट सोळा बिटांत असेल तर ७६८. आणि कॉम्पमध्ये ती फाइल बारा टक्क्यांवर स्केल करून ठेवलेली! फोटोशॉपमध्ये उघडून जेवढी पडद्यावर मोठी दिसणार आहे तेवढी, फार तर तिच्या दीडपट करा आणि बदली करा. आर्टिस्टने कॉरलमधून काढून दिलेल्या सुलेखनाच्या व्हेक्टरचंही तेच. हजारो बिंदू आणि लेयरवरचा सूर्यासारखा स्विच चालू, म्हणजे दर फ्रेमला व्हेक्टर नव्याने रंगवायचं. शंभर टक्क्यांच्या वर स्केल जात नसेल तर तो स्विच बंद करा.

मोबाइलवर काढलेले मिरवणुकीचे व्हिडिओ हाही एक त्रास. त्या एच.२६४ किंवा एचईव्हीसी फायलींत प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते, बरीचशी मागच्या-पुढच्या फ्रेमांवर अवलंबून असते. वीस थ्रेडांनी वेगवेगळ्या फ्रेमा मागितल्या की डिकोडरची तारांबळ उडते. त्यात मोबाइल फ्रेमरेटही स्थिर ठेवत नाही. अडोबीच्याच मीडिया एन्कोडरमधून एकदा प्रोरेस ४२२ करून घ्या आणि मग कामाला लागा.

रॅमचा हिशोब, जो कोअर घेताना कोणी करत नाही

मल्टी-फ्रेम रेंडरिंगमध्ये आफ्टर इफेक्ट्स स्वतःच ठरवतं की एका वेळी किती फ्रेमा लावायच्या. ते ठरवताना ते रिकामे कोअर जेवढे बघतं तेवढीच रिकामी रॅम बघतं. रॅम कमी पडली की फ्रेमा कमी करतं आणि कोअर बसून राहतात. टिक चालू, प्लगिन निर्दोष, एक्स्प्रेशन साधी, तरी सीपीयू तीस टक्क्यांवर: बहुतेक वेळा हेच कारण.

३८४० बाय २१६० ची (म्हणजे फोरके) एक फ्रेम सोळा बिटांत साधारण ६६ एमबी होते. हे एका चित्राचं झालं. एक फ्रेम तयार होताना मूळ लेयर, मास्क लावलेला, ब्लर झालेला, खालच्याशी मिसळलेला अशी मधली चित्रं मेमरीत असतात. बेताच्या कॉम्पमध्ये तशी पंधरा धरा, झाला एक जीबी. २० फ्रेमा एकदम म्हणजे २० जीबी. ३२ जीबीच्या मशीनवर विंडोज, ब्राउझरचे चाळीस टॅब आणि मागे उघडं ठेवलेलं प्रीमिअर जाऊन उरतं किती? प्रोजेक्ट ३२ बिटांत नेला तर हीच गरज दुप्पट. एलईडी भिंतीच्या कामाला ३२ बिट लागतात असं मला कधी आढळलेलं नाही. ग्लो फाटत असेल किंवा ग्रेडिएंटला पट्टे पडत असतील तर सोळा बिट पुरतात. साध्या टायटलला आठ.

ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीचीही हीच गत. प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये मर्क्युरी जीपीयू (काम ग्राफिक्स कार्डाकडे देणारा पर्याय) निवडलेलं असेल तर एकाच वेळी चाललेल्या सगळ्या फ्रेमा त्या कार्डातली मेमरी वाटून घेतात. चार जीबीच्या कार्डावर फोरके काम अडखळत असेल तर एकदा 'सॉफ्टवेअर ओन्ली' करून तीच ५० फ्रेमांची चाचणी घ्या. कधी कधी सीपीयूच बाजी मारतो. उलटही होतं, म्हणून मोजा.

मीडिया एन्कोडरमधून रेंडर लावून शेजारी आफ्टर इफेक्ट्स उघडंच ठेवायची सवय असेल तर लक्षात ठेवा, रेंडरचं इंजिन तिकडे वेगळं चाललेलं असतं. एकाच रॅमचे दोन वाटेकरी.

डिस्क थोडक्यात: कॅश एसएसडीवर, तोही शक्यतो विंडोज असलेल्या एसएसडीवर नको. अँटिव्हायरसला कॅशचा आणि आउटपुटचा फोल्डर वगळायला सांगा. आणि फोरके सोळा बिट टिफ सिक्वेन्स थेट बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढू नका. कॉम्प्रेशनशिवाय एक फ्रेम ५० एमबीची होते. मशीनने सेकंदाला पाच फ्रेमा काढल्या तर २५० एमबी लिहायचेत आणि ती डिस्क शंभर-सव्वाशेवर दमते.

कॅप्स लॉक चालू ठेवायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. खरा आहे, पडद्यावरचं चित्र ताजं करणं थांबतं. पण त्याने वाचतात ती मिनिटं, तास नाहीत.

प्लगिन सोडवत नसेल, किंवा व्हर्जन जुनं असेल

आता ती जुनी, ओबडधोबड युक्ती. थ्रेडांना एकाच घरात राहावं लागतं म्हणून जुन्या प्लगिनची अडचण होते. मग घरंच वेगळी करायची. प्रोग्रामच्या चार स्वतंत्र प्रती चालवल्या की प्रत्येक प्रतीत ते प्लगिन एकटंच असतं, कोणाची आकडेमोड कोणात मिसळत नाही.

यासाठी एईरेंडर नावाचा छोटा प्रोग्राम आफ्टर इफेक्ट्सच्याच 'सपोर्ट फाइल्स' या फोल्डरमध्ये असतो. त्याला खिडकी नसते, तो कमांड प्रॉम्प्टमधून, म्हणजे आदेश टाइप करून चालतो. रेंडर क्यूमध्ये कॉम्प टाका, रेंडर सेटिंग्जला 'मल्टी-मशीन सेटिंग्ज' हा तयार साचा निवडा. त्यात 'स्किप एक्झिस्टिंग फाइल्स' चालू असतं आणि सगळी गंमत तिथेच आहे. आउटपुट पीएनजी किंवा टिफ सिक्वेन्स ठेवा. एमपी४ किंवा मूव्ही इथे चालणार नाही, कारण एकाच फाइलमध्ये चौघांना एकदम लिहिता येत नाही. प्रोजेक्ट सेव्ह करा, आफ्टर इफेक्ट्स बंद करा. मग कमांड प्रॉम्प्टच्या तीन-चार खिडक्या उघडून प्रत्येकीत एईरेंडरला त्याच प्रोजेक्टचा पत्ता द्या. पहिली प्रत फ्रेम हातात घेताना त्या नावाची रिकामी फाइल करून ठेवते. दुसरी बघते, ही फाइल आहे, सोडून देते आणि पुढची घेते. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच.

व्हर्जन २२ च्या पुढे असाल तर एईरेंडरच्या आदेशात मल्टी-फ्रेम रेंडरिंग बंद करायला विसरू नका, नाहीतर चार प्रती आणि प्रत्येकीचे डझनभर थ्रेड अशी झुंबड उडते. प्रती किती? रॅमवरून ठरवा. फ्लेक्सची ती ७६८ एमबीची फाइल आता प्रत्येक प्रतीत वेगळी उघडणार आहे. ३२ जीबीला मी तीनच्या वर जात नाही, ६४ ला पाच-सहा.

रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांची नेहमीची कटकट इथेही आहे. एखादी प्रत मध्येच क्रॅश झाली किंवा लाइट गेले, तर तिने धरलेल्या फ्रेमची रिकामी फाइल तशीच पडून राहते. पुन्हा रेंडर लावलात तरी सगळे तिला 'झालेली' समजून पुढे जातात. मग ऐन मंडपात भिंतीवर एका फ्रेमपुरता काळा झटका दिसतो आणि सगळे तुमच्याकडे बघतात. म्हणून रेंडर संपल्यावर फोल्डर आकारानुसार लावून बघा. शून्य केबीच्या सगळ्या फाइली डिलीट करा आणि एकच प्रत पुन्हा चालवा. तेवढ्याच फ्रेमा भरल्या जातात. लाइट जाण्याची भीती असलेल्या गावात मी मूव्ही कधीच थेट काढत नाही, नेहमी सिक्वेन्स, याचंही कारण हेच: जिथे थांबलं तिथून पुढे चालू करता येतं.

मग मोठं मशीन घ्यायचं की नाही

जीन अ‍ॅमडाल या संगणक-रचनाकारांनी १९६७ मध्ये मांडलेला हिशोब अजून तसाच लागू आहे. कामाचा ९० टक्के भाग वाटून करता येत असेल तर १६ कोअरवर वेग ६.४ पट होतो, सोळा पट होत नाही. निम्माच भाग वाटता येत असेल तर १६ कोअर मिळून १.९ पट, आणि कोअर हजार लावलेत तरी दुपटीला हात लागत नाही. तुमच्या एका फ्रेमच्या २० सेकंदांतली दहा जर रांग लावणाऱ्या प्लगिनमध्ये जात असतील तर तुमचं काम या दुसऱ्या गटात मोडतं. ते प्लगिन काढणं हे १२ चे २४ कोअर करण्यापेक्षा स्वस्त आणि जास्त कामाचं.

घ्यायचंच असेल तर माझा कौल असा: पैसे मोजके असतील तर आठ कोअर आणि ६४ जीबी रॅम हे सोळा कोअर आणि ३२ जीबीपेक्षा बरं. आणि लॅपटॉपवर रेंडर लावणाऱ्यांनी एप्रिल-मे मध्ये टास्क मॅनेजरमध्ये टक्क्यांच्या शेजारी गिगाहर्ट्झचा आकडाही बघावा. सीपीयू शंभर टक्के दिसतो पण तापल्यामुळे वेग निम्म्यावर आलेला असतो. मागून दोन इंच उचलून टेबल फॅनसमोर ठेवल्यावर फरक पडतो, दिसायला कितीही गावठी वाटलं तरी.

त्या पाकळ्यांच्या लूपचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पहिल्यांदा एका फ्रेमला २४ सेकंद लागत होते, ९०० फ्रेमांचे सहा तास. पाकळ्यांचं एक्स्प्रेशन बदललं, फ्लेक्सचा फोटो लहान केला, जुन्या ग्लो प्लगिनच्या खालचं सगळं वेगळं काढून घेतलं. तो पहिला टप्पा चाळीस मिनिटांत संपला. खूश होऊन ती फाइल प्रॉक्सी म्हणून (मूळ कॉम्पच्या जागी वापरायची तयार फाइल) लावली, दुसरा टप्पा रेंडरला टाकला आणि झोपलो. पहाटे उठून बघतो तर रेंडर अर्ध्यावर रेंगाळलेला. 'बेस्ट सेटिंग्ज' या साच्यात प्रॉक्सीपुढे 'यूज नो प्रॉक्सीज' असतं. तयार फाइल बाजूला ठेवून त्याने रात्रभर सगळं पहिल्यापासून काढायला घेतलं होतं. थांबवलं, 'करंट सेटिंग्ज' केलं, पुन्हा लावलं. पन्नास मिनिटांत झालं. मंडळाचा माणूस सात वाजता पेनड्राइव्ह घेऊन दारात उभा होता.